भिंगरी बाबांचं चित्र काढत नाही

माणसाच्या पोटात दुखायला तसं फार काही लागत नाही. कुणाला शेजाऱ्याची नवी गाडी पुरते, कुणाला मेव्हण्याची बढती, कुणाला समोरच्या बाल्कनीतली फुललेली कुंडी. भिंगरीच्या बाबांना एक वाकडं वर्तुळ पुरलं. वर्तुळाच्या आत दोन ठिपके, खाली दोन काठ्यांसारखे पाय, आणि ठिपक्यांच्या खाली या कानापासून त्या कानापर्यंत, म्हणजे कान काढले असते तर, जाड काळी मिशी.

वास्तविक बाबा मत्सरी म्हणून कुणाला माहीत नव्हते. पाणीपुरवठा खात्यात ते आरेखक होते. जमिनीखालून कुठली नळवाहिनी कुठून कुठे जाते याचे नकाशे काढायचं त्यांचं काम. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं बढती घेऊन वरच्या मजल्यावर गेली, तेव्हाही ते शांतपणे पेन्सिलीला टोक करत बसले होते. पण त्या वर्तुळानं त्यांची झोप उडवली, आणि त्याचं कारण फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं होतं.

भिंगरीला चार वर्षं पूर्ण झाली तेव्हा मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी एक पत्रक दिलं होतं. चार वर्षांच्या मुलाला साधारण काय काय यायला लागतं, ते त्यात होतं. एका पायावर उडी मारणं, टाकलेला चेंडू बहुतेक वेळा झेलणं, मोठी बटणं लावणं, घडलेली गोष्ट सांगणं, दुसऱ्याला लागलं तर त्याची समजूत घालणं, माणसाचं चित्र काढणं. "साधारण हं," असं बाई दोनदा म्हणाल्या होत्या. "प्रत्येक मूल आपापल्या वेळेला करतं. यात घाई नाही, चढाओढ नाही." आईनं पत्रक फ्रिजवर लावलं. बाबांनी त्यातला 'साधारण' हा शब्द सोडून बाकी सगळं पाठ केलं.

आता गंमत बघा. भिंगरी सगळं वेळेत करत होती, पण बाबांसमोर करत नव्हती. एका पायावरची पहिली उडी तिनं जिन्यात मारली, तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या समोर, आणि तीही बाबा विसरलेली किल्ली आणायला वर गेले असताना. पहिलं बटण तिनं लावलं ते फोनवर आजीला दाखवायला. चेंडूचं तर विचारूच नका. बाबांनी संध्याकाळच्या संध्याकाळ चेंडू टाकून खांदा आखडून घेतला, तिनं एक झेलला नाही. मग एके दिवशी इमारतीच्या वॉचमननं पायाशी आलेला चेंडू सहज तिच्याकडे भिरकावला आणि तिनं तो अलगद पकडला. आणि सुरुवात-शेवट असलेली पहिली पूर्ण गोष्ट तिनं सांगितली ती आईला. बाबांनी काचेची बरणी कशी फोडली आणि तुकडे कुठे लपवले, याची ती गोष्ट होती.

राहता राहिलं माणसाचं चित्र. बाबांच्या मनात शंका नव्हती. चित्र म्हणजे त्यांचं खातं. आरेखकाची मुलगी पहिला माणूस काढणार, तो दुसरा कोण असणार?

त्या संध्याकाळी भिंगरी जमिनीवर पालथी पडून खडू घेऊन बसली होती. वर पंखा गरगरत होता आणि कागद उडत होता. "बाबा, कागद धर," तिनं फर्मान सोडलं. बाबांनी डावा पंजा कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला. हे त्यांच्या अंगवळणीच पडलेलं होतं. जन्मभर डावा हात कागदावर आणि उजवा कामात. उजव्या हातात त्या वेळी फोन होता आणि फोनवर साहेब कुठल्यातरी फुटलेल्या नळाबद्दल ओरडत होते. फोन ठेवून बघतात तर खाली माणूस तयार.

"अगं बाई! माणूस काढलास?" बाबा हरखून म्हणाले. "कोण गं हा?"

"मिशीकाका," भिंगरी म्हणाली.

मिशीकाका म्हणजे समोरच्या दारातले शेजारी. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि मिशी अशी होती की आधी ती जिन्याच्या वळणावर दिसायची आणि मग काका. कागदाच्या कोपऱ्यात आणखीही एक काहीतरी होतं, एका गोळ्यातून निघालेल्या पाचसहा रेघा. बाबांना वाटलं, नकाशावर उत्तर दिशेची खूण असते तसं काही असावं. पण 'मिशीकाका' हे दोन शब्द ऐकल्यावर पुढची चौकशी करण्याइतकं त्यांचं डोकं जागेवर नव्हतं.

आईनं पत्रकावर आनंदानं बरोबरची खूण केली. "किती छान! डोळेसुद्धा काढलेत."

"प्रमाण चुकलंय," बाबा म्हणाले.

"अहो, चार वर्षांची आहे ती."

"मिशी चेहऱ्यापेक्षा मोठी आहे."

"ती प्रत्यक्षातही आहे," आई म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

हे एवढ्यावर मिटलं असतं, पण मिशीकाका पडले मनानं मोकळे. चित्र बघून त्यांचे डोळे भरून आले. "हिनं माझं काढलं? माझं?" असं म्हणत ते चित्र घेऊन गेले आणि त्याला प्लॅस्टिकचं आवरण घालून त्यांनी ते दुकानात, डोळे तपासायच्या अक्षरांच्या पाटीशेजारी लावलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगू लागले, "शेजारची मुलगी आहे. चार वर्षांची. आयुष्यात पहिला माणूस काढला तो मी." त्यात गर्व नव्हता, हेच तर बाबांना सहन होत नव्हतं. गर्विष्ठ माणसाचा राग तरी करता येतो.

दोन दिवस कळ काढून बाबा शेवटी डोळे तपासायच्या निमित्तानं दुकानात गेले. त्यांना ते चित्र पुन्हा एकदा, नीट, धंद्याच्या नजरेनं बघायचं होतं. मिशीकाकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि विचारलं, "खालची ओळ वाचा." बाबांची नजर पाटीवरून सारखी शेजारच्या वर्तुळावर घसरत होती. त्यांनी प्रत्येक ओळ चुकीची वाचली. "अरेरे," मिशीकाका कळवळून म्हणाले, "तुमचा नंबर बराच निघाला हो." आणि धडधाकट डोळ्यांचे बाबा जाड काळ्या चौकटीचा चष्मा लावून घरी आले.

अर्थात त्यातही त्यांचा एक हिशेब होता. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना जिन्यात गाठून शास्त्र सांगितलं होतं. "मुलं ठळक गोष्ट आधी टिपतात. तुमच्या चेहऱ्यात, राग मानू नका, टिपण्यासारखं काही नाही. मी एवढे वर्गच्या वर्ग शिकवले, पण तुमच्यासारखा चेहरा दुसऱ्या दिवशी आठवला नसता." वॉचमननं टोपी सुचवली. आईनं सुचवलं की गप्प बसावं. बाबांना चष्म्याचा मार्ग सभ्य वाटला. त्या संध्याकाळी ते चष्मा लावून भिंगरीच्या पुढ्यात मुद्दाम इकडून तिकडे फिरले. तिनं बराच वेळ निरखून पाहिलं, मग खडू उचलला, "कागद धर" म्हणाली, आणि बाबांच्या डोळ्यांदेखत माणूस काढला. त्याला जाड चौकटीचा चष्मा काढला. चष्म्याखाली मिशी काढली.

"काकांच्या दुकानातला चष्मा," तिनं समजावून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आई निघाली, काठीसकट मुख्याध्यापिकाबाई निघाल्या, शिट्टी तोंडात धरलेला वॉचमन निघाला, फोनमधली आजी फोनच्या चौकटीसह निघाली. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ती रेघांची खूण होती. आईला तो सूर्य वाटला, मुख्याध्यापिकाबाईंना झाडू. बाबांना कोपऱ्यात रस नव्हता. एकेक कागद हातात घेऊन ते मधली माणसं बघायचे आणि त्यांच्या जिवाची नुसती काहिली व्हायची. शिट्टीवाला चालतो, पण बाप चालत नाही. रोज अंघोळ कोण घालतं? झोपताना तीच ती सशाची गोष्ट सशाच्या आवाजात कोण सांगतं? हे सगळं त्यांनी आईला बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "तिला विचारा ना मग." पण विचारायचं कसं? चार वर्षांच्या मुलीकडे आपलं चित्र मागायला जावं, इतका आपला स्वाभिमान खाली आलेला नाही, असं बाबांचं म्हणणं पडलं. त्याऐवजी त्यांनी मिशी वाढवायला घेतली.

मिशी ही गोष्ट ज्याच्या नशिबात असते त्यालाच साधते. बाबांची डावी बाजू जोमानं आली आणि उजवी बाजू अडखळत. पहिले काही दिवस चेहऱ्यावर काही सांडल्यासारखं दिसत होतं आणि लिफ्टमध्ये एका परक्या बाईनं त्यांना रुमालही देऊ केला. पण खरा घोळ झाला कचेरीत. खात्यानं नुकतंच दाराशी चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र बसवलं होतं. जाड चष्मा आणि दीड बाजूची मिशी घेऊन बाबा त्याच्यापुढे उभे राहिले. यंत्र म्हणालं, "अनोळखी व्यक्ती. कृपया स्वागतकक्षाशी संपर्क साधा."

आस्थापना विभागातल्या बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चेहरा बदललात होय? मग अर्ज लागेल. बदलाचं कारण लिहा."

"वैयक्तिक," बाबा म्हणाले.

"वैयक्तिक चालत नाही. आजार, अपघात किंवा वय, यातलं एक सांगा."

"मिशी आहे हो नुसती. मी मीच आहे."

"ते तुम्ही म्हणून काय उपयोग? दोन सहकाऱ्यांनी लिहून द्यायला हवं."

एका सहकाऱ्यानं लगेच सही दिली. दुसरा बाबांकडे बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला आणि म्हणाला, "तसा अंदाज येतोय, पण खात्रीनं नाही सांगता येणार." अर्ज एकाच सहीनिशी वरच्या मजल्यावर गेला आणि तिथेच रमला. नवा चेहरा मंजूर होईपर्यंत बाबा कागदोपत्री गैरहजर ठरले. ते आपल्या टेबलाशी बसून नकाशा काढत असताना साहेब आले, त्यांच्याकडे पाहत शेजारच्याला म्हणाले, "हे रजेवर आहेत ना? मग त्यांचा नकाशा दुसऱ्याला द्या," आणि गेले. घरी मुलगी काढत नव्हती, इथे यंत्र ओळखत नव्हतं. माणसानं जावं कुठे?

अशातच बालवर्गातून निरोप आला. पालकांचा दिवस ठरला होता, आणि मुलांनी काढलेली 'माझी माणसं' भिंतीवर लागणार होती. वर्गातली सगळी मुलं, त्यांचे सगळे बाप, आणि भिंतीवर मिशीकाका. ते दृश्य बाबांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि त्यांचा उरलासुरला संयम सुटला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची खिडकीपाशी उजेडात ठेवली आणि चष्मा, मिशी, इस्त्रीचा सदरा अशा थाटात ते भिंगरीच्या समोर बसले. "हं, काढ. मी हलत नाही."

भिंगरीनं खडू टेकवला तेवढ्यात कागद सरकला. "बाबा, इकडे ये ना. कागद उडतोय."

"मी इथे बसलो नाही तर तू बघणार कशी?" बाबांनी कागदावर जाडजूड शब्दकोश ठेवला. त्यात अर्धा कागद झाकला गेला. शब्दकोश काढून वाटी ठेवली, ती लवंडली. पंखा बंद केला तर भिंगरीला घाम आला आणि खडू हातातून निसटू लागला. "बाबा, तू धर ना," ती रडवेली होऊन म्हणाली. "मला असं नाही येत."

आणि मग बाबा ते वाक्य बोलले. "मिशीकाकांचं बरं येतं गं तुला काढता."

आवाज चढलेला नव्हता. पण भिंगरीनं त्यांच्याकडे पाहिलं, खडू एकेक करून डबीत ठेवले, झाकण लावलं आणि ती आत आईकडे गेली. त्या दिवशी तिनं कागद मागितला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खडूंची डबी टेबलाखाली पडून राहिली आणि येताजाता ती बाबांना दिसत राहिली. फार वाईट वाटलं त्यांना. आपली मुलगी आपल्यामुळे चित्र काढायची थांबली, आणि आपण जन्मभर चित्रं काढत आलो, हे काही केल्या मनातून जाईना.

तेही कमी होतं म्हणून की काय, आईनं हा सगळा प्रकार मिशीकाकांच्या बायकोला सांगितला. तिच्याकडून तो काकांच्या कानावर गेला. भला माणूस तो. त्यानं रात्रीचं जेवणही धड केलं नाही म्हणे, आणि सकाळी दार उघडून जो कुणी बाहेर आला त्याला जिन्यात कुणीच ओळखलं नाही. मिशी साफ उडवलेली होती. वरचा ओठ उघडा पडून बिचारा लाजल्यासारखा दिसत होता.

"माझ्यामुळे बापलेकीत नको," काका म्हणाले. "केसच ते, येतील परत."

भिंगरी त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका, मिशी कुठे गेली?"

काकांनी वेळ मारून न्यायला सांगितलं, "तुझ्या बाबांना दिली."

भिंगरीनं वळून बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. सगळा उलगडा तिला तत्क्षणी झाला. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "बाबा, काकांची मिशी परत दे."

बाबांनी खूप समजावलं. ही वेगळी, ती वेगळी, ही माझी मी पिकवलेली. काही उपयोग झाला नाही. दोन दिवस ती वॉचमनपासून मुख्याध्यापिकाबाईंपर्यंत सगळ्यांना सांगत होती की बाबांनी काकांची मिशी घेतली, आणि नीट लावतापण आली नाही.

पालकांच्या दिवशी बाबा बालवर्गात पाय ओढत गेले. सोबत आई होती, आणि भिंगरीच्या हट्टानं मिशीकाकाही, मिशीविना. भिंतीवर चित्रं ओळीनं लागली होती. प्रत्येकात एक तरी बाप होता. कुणाचा लाल, कुणाचा हात कानातून निघालेला, एकाचा तर पोटात बटणं असलेला. भिंगरीच्या चित्रात आई, आजी, काठीवाल्या बाई, मिशीसकट मिशीकाका आणि शिट्टी होती. आणि कोपऱ्यात ती रेघांची खूण, या वेळी सगळ्या माणसांहून मोठी. बाबांनी तोंडभर हसू आणून मान डोलवायला सुरुवात केली. आतून मात्र त्यांचा चुराडा होत होता.

बालवर्गाच्या ताई म्हणाल्या, "भिंगरी, तुझी माणसं सांग बरं आम्हाला."

भिंगरी पुढे झाली. "ही आई. ही फोनमधली आजी. ह्या काठीच्या आजी. हे मिशीकाका, मिशी होती तेव्हाचे." मग तिनं बोट कोपऱ्यावर ठेवलं. "आणि हा बाबा."

"हा हात आहे ना गं?" ताईंनी विचारलं.

"हो. बाबाचा. तो कागद धरतो." एवढंही या लोकांना कळत नाही, असा तिचा चेहरा झाला. "नाहीतर सगळे उडून जातील ना."

वर्गात कुणीतरी हसलं. ताई बाबांकडे वळून म्हणाल्या, "बरेच दिवस ती खडूला हात लावत नव्हती. काल विचारलं तर म्हणाली, कागद धरायला कुणी नाही. मी म्हटलं, मी धरते, तर नको म्हणाली. तिनं आधी तो हात काढला, आणि मग म्हणाली, आता काढते बाकीचे."

बाबांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. करंगळीच्या कडेला पेन्सिलीचा काळा डाग होता, कधीच न जाणारा. मिशीकाकांचा पहिला कागद, चष्म्याचा कागद, आईचा, आजीचा, शिट्टीचा, सगळे त्यांना आठवले, आणि सगळ्यांच्या कोपऱ्यात आपण होतो हे आठवलं. दुकानातल्या त्या प्लॅस्टिकच्या आवरणातसुद्धा. आपण एवढे दिवस ज्यांच्यावर जळत होतो, कागदावर त्यांच्याच शेजारी होतो. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्याशिवाय त्यांना जास्त स्पष्ट दिसत होतं.

"मी तर तो कंगवा समजत होतो," मिशीकाका हळूच म्हणाले. "मिशीचा." मग थोडं थांबून, उघड्या ओठावरून बोट फिरवत, "पण सगळ्या चित्रांत तुम्हीच आहात की हो. मी दोनतीनमध्येच आहे." त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. बाबांनी ते चटकन ओळखलं, कारण गेला महिनाभर ते त्याच्याच बरोबर राहत होते. आणि खोटं कशाला बोला, त्यांना जरा बरं वाटलं.

घरी आल्यावर आईनं पत्रक वाचून दाखवलं. "इथे लिहिलंय, माणसाचे निदान तीन अवयव काढायला हवेत. तुमचा एकच भरतोय."

"साधारण," बाबा म्हणाले. "साधारण असं लिहिलंय त्यात."

मिशी त्यांना त्याच संध्याकाळी उतरवायची होती, पण दुपारी कचेरीतून फोन आला की नवा चेहरा मंजूर झाला आहे, आणि आता तो वर्ष सरेपर्यंत बदलता येणार नाही. बाबा 'बरं' म्हणाले आणि जमिनीवर भिंगरीशेजारी पालथे पडले. पंखा जोरात सोडला होता. त्यांनी डावा पंजा कोपऱ्यावर नीट पसरून ठेवला.

भिंगरीनं आधी तो हात काढला, मोजून मापून, एक बोट जास्तच. मग मान तिरकी करून ती बाबांच्या तोंडाकडे पाहत राहिली, मग कागदाकडे. काळा खडू घेऊन तिनं हाताच्या बरोबर मध्ये एक मिशी काढली, डावीकडे जाड, उजवीकडे बारीक.

"आता सगळ्यांना कळेल," ती म्हणाली. "हात हलवू नकोस."

बाबा हलले नाहीत.